ती लाथ कुठून आली? (फ्रॉइड, आईन्स्टाईन आणि आपण सज्जन माणसं)

उंबरठा (धागालेखक), मंगळवार रात्री १०:४०

बारा-तेरा वर्षं झाली असतील. संध्याकाळी सातची वेळ, एका लोकल स्टेशनचा पूल. खिसेकापू सापडला होता आणि त्याच्याभोवती रिंगण झालं होतं. मला घाई होती, गाडी लागलेली दिसत होती. तरी थांबलो. दोन खांद्यांमधून वाट काढत आत गेलो, खाली पडलेल्या त्या माणसाच्या बरगडीत एक लाथ घातली, बाहेर आलो आणि गाडी पकडली. सगळं मिळून मिनिटभराचं काम.

त्याआधी आणि त्यानंतर मी कुणावर हात उगारलेला नाही. घरात झुरळसुद्धा बायको मारते. ती लाथ बसली तेव्हा मला बरं वाटलं, हे मात्र आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. चांगलं वाटलं म्हणजे चक्क चांगलं वाटलं, खिडकीची जागा मिळाल्यासारखं.

परवा मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने आईन्स्टाईनला लिहिलेलं पत्र वाचलं म्हणून हे वर आलं. राष्ट्रसंघाच्या एका संस्थेने आईन्स्टाईनला सुचवलं होतं की कुठल्याही विषयावर, हव्या त्या माणसाशी जाहीर पत्रव्यवहार करा. त्याने माणूस निवडला फ्रॉइड आणि विषय निवडला युद्ध. १९३२च्या जुलैत त्याने विचारलं की युद्धाच्या संकटातून माणसाची सुटका व्हायचा काही मार्ग आहे का. सप्टेंबरात व्हिएन्नाहून उत्तर गेलं. त्याचा सारांश माझ्या भाषेत सांगायचा तर, माणसातली नासधूस करायची ओढ काढून टाकता येईल ही आशा सोडा, तिला दुसरीकडे वळवता आलं तर बघा. ही पत्रं १९३३ साली छापून आली तोवर हिटलर सत्तेवर बसला होता आणि त्याच वर्षी मे महिन्यात बर्लिनच्या चौकात फ्रॉइडची पुस्तकं जळाली.

प्रश्न साधा आहे. ती लाथ माझ्यात आधीपासून होती का? मनोविश्लेषणवाले यावर नक्की काय म्हणतात? आणि कृपा करून ‘झुंडीचं मानसशास्त्र’ एवढंच लिहून कुणी पुढे जाऊ नये. झुंडीने मला ढकललं नव्हतं. मी वाट काढून आत गेलो होतो.

चिंचोके, रात्री १०:५२

पहिल्या रांगेत रुमाल टाकून ठेवतोय. आता नीलाक्षीताई येणार, मागोमाग बंडोपंत येणार, मग लाथा धाग्यावरच.

नीलाक्षी, रात्री ११:३५

मी समुपदेशन करते, मनोविश्लेषक नाही, आणि तुमचं निदान इथे करणार नाही. पण फ्रॉइडचं सांगते, कारण तोसुद्धा या प्रश्नाशी उशिराच आला.

सुरुवातीला त्याचा हिशोब सुखाचा होता. माणूस सुखाकडे जातो, दुःख टाळतो, आक्रमकता ही त्या वाटेतली धक्काबुक्की. मग पहिलं महायुद्ध झालं. त्याची मुलं आघाडीवर होती. परत आलेले सैनिक रात्री स्वप्नात पुन्हा त्याच स्फोटात जात होते, रोज. सुखाच्या हिशोबात हे बसेना. त्यात घरातलं एक निरीक्षण होतं. दीड वर्षाचा नातू दोरी बांधलेलं लाकडी रीळ पलंगाच्या कडेपलीकडे भिरकावायचा आणि ‘ओऽओ’ करायचा, मग ओढून परत आणायचा. आई बाहेर जाते, तो प्रसंग हे पोर स्वतःच्या हाताने पुन्हा पुन्हा घडवतंय, असं फ्रॉइडने वाचलं. दुःखाचीच आवृत्ती कशाला काढायची? यातून १९२०च्या पुस्तकात मृत्युप्रेरणा आली.

त्याच वर्षी जानेवारीत त्याची मुलगी सोफी इन्फ्लुएन्झाच्या साथीत गेली. हे रिळाचं पोर तिचंच. लोक म्हणणार की हा सिद्धांत शोकातून आला, हे फ्रॉइडला ठाऊक होतं. सोफी धडधाकट असतानाच लिखाण अर्धं झालं होतं याची साक्ष द्या, असं त्याने एका सहकाऱ्याला सांगून ठेवलं होतं. (त्याला ते सांगावंसं वाटलं यावर त्याच्याच पद्धतीने बरंच बोलता येईल, पण असो.)

आता तुमच्या प्रश्नाकडे. त्याच्या मते ही ओढ मुळात आतल्या दिशेची, स्वतःलाच मोडणारी. आपण तगून राहतो कारण ती स्नायूंवाटे बाहेर वळते. म्हणजे या हिशोबाने ती लाथ आधी तुमचीच होती, खिसेकापूच्या वाट्याला नंतर गेली.

बंडोपंत, रात्री ११:५८

आलो. निराश करत नाही कुणाला.

नीलाक्षीताई, हे वाचायला छान आहे पण खोटं ठरवायचं कसं? लाथ मारली तर मृत्युप्रेरणा बाहेर वळली. नाही मारली तर आत वळली. मारून रडला तर अपराधभाव, हसला तर दमन. विज्ञानाचा तत्त्वज्ञ पॉपर याने नेमकं यावरच बोट ठेवलं होतं. माणसं एकमेकांना मारतात यासाठी उत्क्रांती पुरेशी आहे. चिंपांझींच्या टोळ्यासुद्धा शेजारच्या टोळीतला एकटा सापडलेला नर ठार करतात. त्यांचं बालपण कुणी तपासलं नाही.

नीलाक्षी, बुधवार सकाळी ७:१०

पंत, गंमत म्हणजे त्याच पत्रात फ्रॉइड आईन्स्टाईनला म्हणतो की आमचे सिद्धांत तुम्हाला पुराणकथेसारखे वाटतील, पण शेवटी प्रत्येक विज्ञान अशाच कशाशी तरी येऊन थांबत नाही का, तुमचं भौतिकशास्त्रसुद्धा? तुमचा आक्षेप त्याने अर्धा मान्यच केला होता.

आणि त्याच्या स्वतःच्या गोटातल्या अनेकांनी मृत्युप्रेरणा घेतलीच नाही. ‘मनोविश्लेषण असं म्हणतं’ हे वाक्यच अर्धवट आहे. कोण म्हणतं ते विचारायला हवं.

आबा_वाईकर, सकाळी ८:०५

चर्चा उत्तम. परंतु धागालेखकाचा प्रश्न अर्जुनाने तिसऱ्या अध्यायात विचारून ठेवला आहे, की इच्छा नसतानाही, कुणी बळेच जुंपल्यासारखा माणूस पाप का करतो? उत्तर मिळाले काम आणि क्रोध. आमच्याकडे सहा रिपू मोजून ठेवलेले आहेत. व्हिएन्नापर्यंत जाण्याचे कारण काय?

उंबरठा, सकाळी ९:२०

आबा, नमस्कार. मला तिथेच अडायला होतं. ‘रिपू’ म्हटलं की तो शत्रू झाला, बाहेरून आत घुसलेला. अर्जुनसुद्धा ‘कुणी जुंपल्यासारखा’ म्हणतो. मला कुणी जुंपलं नव्हतं. मला ती लाथ माझीच वाटली, आणि तीच अडचण आहे. फ्रॉइडचं पत्र वाचताना निदान तो मला ‘तुझ्यात शत्रू शिरलाय’ असं म्हणत नाही. घर त्या ओढीचंही आहे म्हणतो.

आबा_वाईकर, सकाळी ९:४४

मुद्दा पोचला. मात्र इंद्रिये, मन आणि बुद्धी हे या शत्रूचे राहण्याचे ठिकाण आहे असे त्याच अध्यायात पुढे म्हटले आहे. भाडेकरू म्हणावे की मालक, एवढाच वाद उरतो.

चिंचोके, सकाळी ९:४६

पागडीची जागा आहे आबा. निघत नाही.

म्युनिकचा_मन्या, दुपारी १:१५

थोडं अवांतर. जर्मनमध्ये फ्रॉइडचा शब्द आहे ‘ट्रीब’. इंग्रजी भाषांतरात त्याचं ‘इन्स्टिंक्ट’ झालं आणि पुष्कळ घोटाळा झाला, कारण प्राण्यांच्या उपजत वर्तनासाठी जर्मनमध्ये ‘इन्स्टिंक्ट’ हा वेगळा शब्द आहेच आणि फ्रॉइडने तो सहसा टाळला. ट्रीब म्हणजे ढकलणारं काहीतरी. जनावरं हाकतात त्याचं क्रियापद याच घरातलं. मराठीत ‘मृत्युप्रेरणा’ ऐकून प्रेरणादायी भाषण आठवतं. मी ‘मरणओढ’ सुचवतो.

बंडोपंत, दुपारी १:३०

‘ऊर्मी’ का नको?

म्युनिकचा_मन्या, दुपारी १:३४

ऊर्मी येते आणि जाते. ही जात नाही, असंच तर तो म्हणतोय.

टिटवी, दुपारी ३:५०

पोरगी झोपलीय तेवढ्यात लिहिते. सात महिन्यांची आहे.

खूप वेळ विचार केला लिहू की नको. गेल्या महिन्यात रात्री तीन वाजता, चौथ्यांदा उठले होते. ती रडत होती, मी तिला छातीशी धरून फेऱ्या मारत होते आणि माझ्या डोक्यात अगदी स्पष्ट चित्र आलं की हिला आत्ता पलंगावर आपटावं. आपटलं नाही. नवऱ्याला उठवून तिला त्याच्या हातात दिलं आणि बाथरूममध्ये नळ सोडून बसले. मला वाटलं मी राक्षसीण आहे.

माझ्या डॉक्टर मैत्रिणीने मला विनिकॉट वाचायला दिला. लंडनचा बालरोगतज्ज्ञ, नंतर मनोविश्लेषक झाला. १९४९च्या एका लेखात त्याने आईला आपल्या बाळाचा द्वेष वाटण्याची अठरा कारणं मोजून दिलीत. द्वेष हाच शब्द, चिडचिड वगैरे नाही. एक कारण असं आहे की ते आईने केलेलं चांगलं अन्न नाकारून तिला स्वतःबद्दल शंका घ्यायला लावतं आणि मावशीकडे मात्र व्यवस्थित जेवतं. मी तिथे हसले आणि मग रडले.

त्याच लेखात आहे की युद्धाच्या काळात त्याने एका नऊ वर्षांच्या उनाड मुलाला तीन महिने घरी ठेवून घेतलं होतं. पोरगं हाताबाहेर गेलं की विनिकॉट त्याला मारायचा नाही. उचलून दाराबाहेर ठेवायचा आणि सांगायचा की तू जे केलंस त्यामुळे मला तुझा राग आलाय, द्वेष वाटतोय. बाहेर एक घंटा होती. ती वाजवली की दार उघडायचं, आणि झालेल्या गोष्टीबद्दल एक शब्द बोलायचा नाही. त्याचं म्हणणं असं की द्वेष वाटतो हे माहीत असलेली आई बाळाला इजा न करता तो वागवू शकते. मला तरी त्या रात्रीनंतर हे पटतं. पंत, विदा (डेटा) नाही माझ्याकडे.

उंबरठा, तुमच्या लाथेचं मला कळत नाही. पण ‘माझ्यात असं काही नाहीच’ म्हणणाऱ्या माणसाकडे मी माझी पोरगी सांभाळायला देणार नाही.

बंडोपंत, दुपारी ४:०२

टिटवीताई, इथे विदा मागत नाही. झोप मिळतेय ना आता? दिवसा कुणीतरी मदतीला ठेवा, आणि असं चित्र वरचेवर यायला लागलं तर त्याच डॉक्टर मैत्रिणीला सांगा.

नीलाक्षी, दुपारी ४:३०

पंतांशी शंभर टक्के सहमत. (तारीख लिहून ठेवा.)

गोधडी, दुपारी ४:४१

आमची आजी नातवंडांना जवळ घेऊन दातओठ खात म्हणायची, ‘खाऊन टाकू का गं तुला!’ आणि गालगुच्चा असा घ्यायची की डोळ्यांत पाणी यायचं. विनिकॉटने आमची आजी बघायला हवी होती.

झेंडू_सातारकर, रात्री ८:१५

फ्रॉइड ‘दुसरीकडे वळवा’ म्हणतो ना, आमच्याकडं वळवायची तारीखच ठरलेली आहे राव. खंडाळा तालुक्यात बोरी आणि सुखेड ही दोन गावं, मध्ये ओढा. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्हीकडच्या बाया ओढ्याच्या काठाला येतात आणि वाजतगाजत एकमेकींना शिव्या घालतात. हातवारे करून, घसा बसेपर्यंत. बोरीचा बार म्हणतात त्याला. बघायला ही गर्दी असते. बंदोबस्ताला पोलीस असतात, ते पण ऐकून घेतात. मी पोरगा असताना मामाबरोबर गेलतो. माझी एक लांबची मावशी, एरवी तोंडातनं शब्द फुटायचा नाही, सासूसमोर पदर खाली नाही यायचा. त्या दिवशी तिला ओढ्यात उभी बघितली. मला ती ओळखूच आली नाही. संध्याकाळी घरी भाकऱ्या थापत होती, जसं काही झालंच नाही.

चिंचोके, रात्री ८:२०

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला ओढा नाही, एवढाच फरक.

नीलाक्षी, रात्री ९:०५

झेंडू, कमाल उदाहरण! दोन्ही गावं शेजारची आणि माणसं एकसारखी, हे महत्त्वाचं. फ्रॉइडने १९३०च्या पुस्तकात लिहिलंय की स्पॅनिश आणि पोर्तुगीज, इंग्रज आणि स्कॉट, उत्तरेचे आणि दक्षिणेचे जर्मन, असे शेजारीच एकमेकांची टर उडवत असतात. याला तो ‘क्षुल्लक फरकांचा आत्मगौरव’ म्हणतो (भाषांतर माझं, मन्याने मारू नये). थोडी आक्रमकता स्वस्तात खर्च होते आणि आपापल्या गटाची एकी टिकते. पण त्याच परिच्छेदात तो कडवटपणे ज्यूंचा उल्लेख करतो, ही सोय त्यांनी यजमान देशांना शतकानुशतकं पुरवली म्हणून. पुढे त्याच्या चार बहिणी नाझींच्या छावण्यांत संपल्या. तो स्वतः १९३८ साली लंडनला पोचला आणि वर्षभराने गेला, त्याला ते कळलंच नाही.

कोल्हापुरी_पोह्या, रात्री ९:१२

पुण्याच्या मिसळीबद्दल आम्ही बोलतो तो आत्मगौरव क्षुल्लक नाही. नोंद घ्यावी.

बंडोपंत, रात्री ९:४०

बोरीच्या बायकांना दंडवत. पण ‘राग बाहेर काढला की निवळतो’ हे तपासून झालंय. बुशमन नावाच्या अमेरिकन संशोधकाने २००२ साली लोकांना आधी चिडवलं, मग काहींना चिडवणाऱ्याचा विचार करत बॉक्सिंगच्या पिशवीवर ठोसे मारायला लावले. ते शेवटी सगळ्यांत जास्त भडकलेले होते. जे नुसते गप्प बसून राहिले ते सगळ्यांत शांत. वाफ कोंडलेल्या कुकरचं चित्र मनाला लागू पडत नाही.

झेंडू_सातारकर, रात्री ९:५५

पंत, तुमची पिशवी उलट शिव्या देत नव्हती. आणि ठोसे मारायला आख्खं गाव, ढोल आणि वर्षातनं एकच दिवस, हे होतं का?

बंडोपंत, रात्री १०:०३

नव्हतं. हा मुद्दा चांगला आहे. विचार करून सांगतो.

काळा_डगला, गुरुवार सकाळी १०:५०

वीस वर्षं फौजदारी वकिली करतोय, मराठवाड्यात. फ्रॉइड वाचलेला नाही. खुनाच्या आरोपात आलेली माणसं जवळून बघितलीत. का मारलंस विचारलं तर जमीन, पैसा, बाई हे कागदावर येतं. पण दोन-तीन भेटींनंतर खरं वाक्य निघतं आणि ते जवळपास एकच असतं, की चारचौघांत बोलला. किंवा ‘माझ्याकडं बघून हसला’. एकाने चुलतभावाला बांधाच्या वादात मारलं असं आरोपपत्रात होतं. बांध पंधरा वर्षं तसाच होता. त्या दिवशी चुलतभाऊ पोराच्या देखत त्याला ‘तुझ्यात काय दम आहे’ म्हणाला होता.

नीलाक्षी, सकाळी ११:२०

वकीलसाहेब, जेम्स गिलिगन म्हणून मनोविकारतज्ज्ञ आहेत, मॅसॅच्युसेट्सच्या तुरुंगांमध्ये अनेक वर्षं काम केलेले, मनोविश्लेषणाच्या परंपरेतले. त्यांनी १९९६च्या पुस्तकात नेमकं हेच मांडलंय. हिंसेच्या मुळाशी लाज असते, अपमान असतो, आणि ज्या गोष्टीवरून अपमान झाला ती जितकी क्षुल्लक तितकी तिची लाज जास्त, म्हणून माणूस ती सांगत नाही. तुम्हीही तिथेच पोचलात, आणि वीस वर्षंच लागली.

माडांच्या_सावलीत, दुपारी २:३०

मडगावहून. इतकं बोलणं झालं आणि आपले भारतीय मनोविश्लेषक सुधीर कक्कर यांचं नाव कुणी काढलं नाही? आमच्या बाणावलीत राहायचे, २०२४च्या एप्रिलात गेले. १९९०च्या हैदराबादच्या दंगलीवर त्यांनी पुस्तक लिहिलंय. दोन्ही बाजूंच्या लोकांशी बोलले, दंगलीत पुढे असणाऱ्या पहिलवानांशीसुद्धा. मला त्यातलं अफवांचं आठवतं. १९४७ साली ते रोहतकला लहान होते, तेव्हा दुधात विष घातल्याची अफवा पसरली होती. ते विचारतात की दूधच का? कारण दुधावर तुम्ही सगळ्यांत आधी विश्वास ठेवलेला असतो, बोलता यायच्या आधी. अफवा बरोबर तिथे जाऊन बसते.

नीलाक्षी, दुपारी ३:१०

वा! हे थेट मनोविश्लेषक मेलनी क्लाइनशी जाऊन भिडतं. तिच्या मते तान्ह्या बाळाला आई एक संपूर्ण माणूस म्हणून कळतच नाही. पाजणारा चांगला स्तन वेगळा आणि वेळेवर न येणारा, छळणारा वाईट स्तन वेगळा. सगळा द्वेष वाईटावर टाकला की चांगलं सुरक्षित राहतं. पुढे कधीतरी बाळाला उमगतं की दोन्ही एकच होती, जिच्यावर आपण मनातल्या मनात हल्ले केले तीच आपल्याला पाजत होती. तिथून अपराधभाव सुरू होतो, आणि मोडलेलं दुरुस्त करायची इच्छा. क्लाइनचं म्हणणं की आपण आयुष्यभर या दोन अवस्थांमध्ये ये-जा करतो. दंगलीत सगळं गाव एकदम पहिल्या अवस्थेत जातं.

आबा_वाईकर, दुपारी ३:४०

आपल्या देशात हे शास्त्र कधीपासून आहे?

नीलाक्षी, दुपारी ३:५५

आबा, कलकत्त्यात १९२२ साली गिरींद्रशेखर बोस यांनी भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली. फ्रॉइडशी त्यांचा पत्रव्यवहार होता, आणि १९३१ साली पंचाहत्तरीनिमित्त त्याला इथून हस्तिदंती विष्णुमूर्ती गेली. बोसबाबू फ्रॉइडशी वाद घालायचे. त्यांचं म्हणणं असं की इच्छा कधी एकटी नसते, उलट इच्छा जोडीला असतेच. मारायच्या इच्छेबरोबर मार खायची.

बंडोपंत, सायंकाळी ६:१५

एक शेवटचा आक्षेप नोंदवतो. या सगळ्यात राग, लाज, द्वेष आहे. पण आइकमन, ज्यूंना छावण्यांत धाडणारा नाझी अधिकारी? १९६१ साली जेरुसलेममध्ये खटल्याला उभा राहिला तेव्हा काचेच्या पेटीत एक कारकून बसला होता. वेळापत्रकं आखणारा. आणि मानसशास्त्रज्ञ मिलग्रॅमच्या येल विद्यापीठातल्या प्रयोगात ४० पैकी २६ साध्या माणसांनी नुसत्या सांगण्यावरून दुसऱ्या माणसाला विजेचा झटका द्यायचं बटण ४५० व्होल्टपर्यंत दाबलं (झटका खोटा होता, पण हे त्यांना ठाऊक नव्हतं). त्याच प्रयोगाच्या दुसऱ्या एका प्रकारात झटका किती द्यायचा हे ज्याचं त्यालाच ठरवू दिलं, तेव्हा बहुतेकांनी अगदी कमी दिला. आत क्रौर्य उसळत असतं तर संधी होती की. म्हणजे मोठं दुष्कृत्य करायला आतल्या राक्षसाची गरजच नाही, हाताखालचा माणूस पुरतो.

नीलाक्षी, सायंकाळी ७:००

हा आक्षेप खरंच जड आहे. मनोविश्लेषणाकडे त्याला पुरेसं उत्तर आहे असं मला वाटत नाही. मनोविश्लेषक एरिक फ्रॉमने प्रयत्न केला. तो म्हणाला की त्या २६ जणांकडे बघताय, पण ते घामाघूम होत होते, थरथरत होते, अडखळत बोलत होते, ते का बघत नाही? १९७३च्या पुस्तकात त्याने आक्रमकतेचे दोन भाग पाडले. एक बचावाची, सगळ्या प्राण्यांत असते, धोका टळला की थांबते. दुसरी फक्त माणसात, जिचा काही उपयोग नसतो आणि तरी आनंद होतो. तुमचे चिंपांझी त्याने पहिल्या खात्यात टाकले असते.

उंबरठा, तुमचं ‘बरं वाटलं’ मला त्यामुळे अजून टोचतंय. काही विचारू का? तुमचं पाकीट गेलं होतं?

उंबरठा, रात्री ९:३०

नाही. कुणाचं गेलं होतं तेही मला माहीत नाही. खरंच कुणाचं गेलं होतं का, तेही नाही.

काळा_डगला, रात्री ९:४१

वय काय होतं त्याचं?

उंबरठा, रात्री १०:२५

हे लिहायला तासभर लागला. धाग्यात मी ‘माणूस’ लिहिलंय. सोळा-सतरा असेल. ओठावर नुसती लव होती.

आणि एक राहिलं. लाथ मारताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. गाडीत तसाच पाय धरून बसलो. उतरल्यावर स्टेशनबाहेरच्या चांभाराकडे दिली. त्याने सहज विचारलं, ‘कशी काय तुटली साहेब?’ मी म्हणालो, ठेच लागली. त्याला काही देणंघेणं नव्हतं. मी काहीच बोललो नसतो तरी चाललं असतं.

टिटवी, रात्री १०:३८

पोरगी उठलीय. नंतर लिहिते. उंबरठा, त्या चपलेचं काय केलंत?

उंबरठा, रात्री १०:४०

वापरली की. दोन वर्षं. शिलाई पक्की होती.